घरातील कचेरी आणि तिची राखण



घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्यांनी आपल्या कामाची, कागदपत्रांची आणि पैशाची राखण कशी करावी, हा आजचा विषय आहे. तो ऐकताच कित्येकांच्या मनात येईल की, ही संगणकशास्त्रातील तज्ज्ञांची गोष्ट. आपला तिच्याशी काय संबंध? पण वस्तुस्थिती तशी नाही. पगारपत्रक घरच्या टेबलावर तयार करणारा हिशेबनीस, अशिलाचे कागद मोबाईलवर मागवणारा वकील, घरून तास घेणारी शिक्षिका, विम्याचे हप्ते नोंदवणारा प्रतिनिधी, हे सगळेच आज घरातल्या कचेरीत बसलेले आहेत. त्यांच्या हाती दुसऱ्यांचे पैसे असतात आणि दुसऱ्यांची गुपितेही असतात. म्हणून हा विषय यंत्राचा जितका आहे, तितकाच विश्वस्तपणाचाही आहे.

कचेरीची भिंत काय करीत होती?

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. कचेरीला भिंत होती तेव्हा ती नेमके काय करीत होती? ऊनपाऊस अडवणे हे तिचे दिसणारे काम झाले. न दिसणारी कामे तीन होती. पहिले, दारावरचा पहारेकरी येणाराजाणारा ओळखत असे. आत आलेला माणूस कोण, याचे उत्तर दारातच मिळे. दुसरे, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई तो त्याच इमारतीतून आणि ओळखीच्या शिपायाच्या हातून. म्हणजे वाटही ठाऊक असे आणि टेबलही ठाऊक असे. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, पण त्याकडे कोणाचेच लक्ष नसे. शेजारच्या टेबलावर माणूस असे. एखादे चमत्कारिक पत्र आले तर मान वळवून, "अहो, हे साहेबांनीच पाठवलंय का?" असे विचारता येई. या एका प्रश्नाने किती लबाड्या जागच्या जागी मेल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे यावे, ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ साली तिला 'टेलिकम्युटिंग' असे नावही दिले होते. परंतु जवळजवळ पन्नास वर्षे ती थोड्या लोकांपुरतीच राहिली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी आली आणि हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या काचेच्या इमारती ओस पडल्या. कित्येक कंपन्यांनी टेबलावरचे संगणकही कर्मचाऱ्यांच्या घरी पोचते केले. कॉल सेंटरांसारख्या व्यवसायांवर घरून काम करण्याबाबत सरकारच्या ज्या अटी होत्या, त्या दूरसंचार विभागाने मार्चमध्ये तात्पुरत्या सैल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच बदलून सोपे केले. साथ ओसरली, पण घरातली कचेरी पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली.

भिंत अशी काही दिवसांत नाहीशी झाली. तिची तीन कामे मात्र शिल्लक राहिली. आलेला माणूस कोण? वाट आणि टेबल कोणाचे? आणि शंका आली तर विचारायचे कोणाला? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न : दारात कोण आहे?

पहारेकऱ्याची जागा आता पासवर्डाने घेतली आहे. संगणकाच्या जगात त्याचा वापर १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या यंत्रणेत झाला. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, तेव्हा ज्याचे काम त्याच्यापुरते राहावे म्हणून ही सोय होती. गंमत अशी की, ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून १९६२ साली त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून मिळवली. पासवर्ड आणि पासवर्डाची चोरी ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

चांगला पासवर्ड कोणता? येथे थोडे गणित उपयोगी पडेल. इंग्रजी वर्णमालेतील २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरे कशीही निवडली, तर सुमारे २१ हजार कोटी प्रकार होतात. आकडा मोठा वाटतो. पण सेकंदाला शंभर कोटी अंदाज करणाऱ्या यंत्राला ते सगळे तपासायला साडेतीन मिनिटे पुरतात. आता अक्षरे आठांऐवजी सोळा घ्या. लांबी दुप्पट झाली, पण प्रकारांचा वर्ग झाला. त्याच यंत्राला आता तेरा-चौदा लाख वर्षे लागतील. तात्पर्य, पासवर्डाचे बळ चमत्कारिक चिन्हांपेक्षा लांबीत असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने घेतले तर ते लक्षातही राहतात आणि चोराला अवघडही जातात. मात्र ते शब्द एखाद्या प्रसिद्ध ओळीतले किंवा घरच्यांच्या नावांतले नसावेत. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची जुनी सक्तीही अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली आपल्या शिफारशींतून काढून टाकली; कारण सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो आणि बदलल्याचे समाधान मानतो.

परंतु नुसता पासवर्ड कितीही चांगला असला, तरी तो एकटा पुरत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन वाहून नेणारी 'कलोनियल' ही नळवाहिनी मे २०२१ मध्ये पाच-सहा दिवस बंद पडली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चोर आत शिरले होते ते दूरून काम करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड साधासोपा नव्हता, असे कंपनीच्या प्रमुखांनी पुढे अमेरिकेच्या सिनेटसमोर सांगितले. पण तो चोरीच्या पासवर्डांच्या एका यादीत नंतर आढळला, आणि त्या दाराला दुसरी कडी नव्हतीच. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर्सची खंडणी दिली; त्यातला काही भाग सरकारने पुढे परत मिळवला. या एका घटनेत तीन धडे आहेत. एकच किल्ली दोन कुलपांना लावू नये. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. आणि प्रत्येक दाराला दुसरी कडी असावी.

ही दुसरी कडी म्हणजे काय? मोबाईलवर येणारा ओटीपी हा तिचा आपल्या परिचयाचा प्रकार होय. तो नसण्यापेक्षा असणे पुष्कळ बरे. परंतु तो गोड बोलून काढून घेता येतो, हे आपल्याकडे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याहून भक्कम प्रकार म्हणजे सुरक्षा-किल्ली किंवा 'पासकी'. ही किल्ली स्वतःच कुलूप ओळखते. समोरचे पान खऱ्या बँकेचे किंवा खऱ्या कचेरीचे नसेल, तर पत्त्यातला एका अक्षराचा फरक आपल्या डोळ्यांना कळला नाही तरी तिला कळतो आणि ती फिरतच नाही. गूगल कंपनीने २०१७ च्या आरंभी आपल्या कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही कामाचे खाते फसवून हिसकावले गेले नाही, असे कंपनीने २०१८ साली सांगितले. माणसाच्या सावधपणावर सगळा भार न टाकता यंत्राकडूनही राखण करून घेता येते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा प्रश्न : वाट कोणाची, टेबल कोणाचे?

घरचा संगणक आणि कचेरीचा संगणक यांच्यामध्ये जी वाट आहे, ती आपल्या मालकीची नाही. म्हणून तीवरून जाणारा मजकूर कूटलिपीत बांधून पाठवतात. संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ एवढाच. व्हीपीएन नावाची सोय याच्या पुढे जाते. ती आपल्या संगणकापासून कचेरीच्या दारापर्यंत जणू एक बंदिस्त भुयारच तयार करते. पण येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कुलूप दिसले म्हणजे पलीकडचा माणूस प्रामाणिक, असे लोक समजतात. लाखेचा शिक्का मारलेले पत्र वाटेत कोणी फोडले नाही, एवढेच शिक्का सांगतो. पत्र ज्याच्या घरी पोचले तो सज्जन आहे की भामटा, हे शिक्क्याला कसे कळावे? भामट्यांच्या पानांवरही आज तेच कुलूप असते.

वाटेचा पहिला टप्पा मात्र आपल्या घरातच असतो, आणि तो म्हणजे वाय-फायचा राउटर. तो बसवणारा मुलगा तारा जोडून जातो, आणि राउटरच्या कारभाराचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले लक्षावधी कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने फारशी हुशारी वापरली नव्हती. कारखान्यातून ठरून येणाऱ्या साठ-बासष्ट नावांची आणि पासवर्डांची यादी तो एकामागून एक लावून पाहत होता. आपल्या घरचा पासवर्ड त्या यादीतला नसावा, एवढी काळजी अर्ध्या तासात घेता येते. राउटरचा कारभारी पासवर्ड बदलावा, त्यात आलेली सुधारणा चढवावी, आणि पाहुण्यांसाठी व टीव्हीसारख्या वस्तूंसाठी वेगळे वाय-फाय ठेवावे.

आता टेबलाकडे वळू. कचेरीतल्या टेबलावर फक्त कचेरीचे काम होई. घरच्या संगणकावर सकाळी ताळेबंद, दुपारी मुलीचा गृहपाठ आणि रात्री चित्रपट असतो. यात काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'लास्टपास' या कंपनीच्या अनुभवात आहे. लोकांचे पासवर्ड तिजोरीत सांभाळणे हाच तिचा धंदा. २०२२ साली त्या तिजोरीच्या प्रती चोरीला गेल्या. आतल्या महत्त्वाच्या किल्ल्या फक्त चार अभियंत्यांच्या हाती होत्या. चोरांनी कंपनीच्या भक्कम दाराला हातही लावला नाही. त्यांनी या चौघांपैकी एकाच्या घरचा संगणक गाठला. त्यावर चित्रपट आणि गाणी यांसाठी ठेवलेला एक जुना प्रोग्रॅम होता. त्यातला दोष बनवणाऱ्यांनी २०२० सालीच दुरुस्त केला होता. पण ती दुरुस्ती या संगणकावर कधी चढवलीच गेली नव्हती. त्या फटीतून चोर आत आले, बटणांवर उमटणारे प्रत्येक अक्षर टिपत बसले आणि मुख्य पासवर्ड घेऊन गेले. जगभरातील लक्षावधी लोकांच्या गुपितांची तिजोरी एका घरातल्या करमणुकीच्या वाटेने फुटली.

यातून दोन नियम निघतात. कामाचे यंत्र कामालाच ठेवावे. आणि संगणक किंवा मोबाईल 'सुधारणा आली आहे' असे सांगू लागला की 'नंतर' हे बटण दाबू नये. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा दोष कोठे होता हे चोरालाही कळते. त्या दिवसापासून जो उशीर करतो, तो कडी लावली नाही याची दवंडी पिटल्यावर झोपी गेलेल्या घरमालकासारखा असतो.

मात्र येथे कंपन्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कामाचे यंत्र वेगळे हवे असेल, तर ते देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. दोन खोल्यांच्या घरात एकच संगणक असलेल्या कुटुंबाला 'तो कोणाला वापरू देऊ नका' असा उपदेश करणे सोपे आहे. तो पाळता येण्याजोगा नाही. तसेच सुरक्षिततेच्या नावाखाली कर्मचाऱ्याच्या घरातला कॅमेरा चालू ठेवणे, दर मिनिटाला पडद्याचे चित्र टिपणे, याला राखण म्हणत नाहीत. ती पाळत होय. आणि जिच्यावर पाळत आहे ती व्यक्ती आपली चूक कधीच आपण होऊन सांगत नाही.

तिसरा प्रश्न : विचारायचे कोणाला?

येथवर यंत्राचे झाले. पण मोठ्या फसवणुकींचा इतिहास पाहिला, तर पुष्कळदा यंत्र शाबूत असते आणि माणूसच दार उघडून देतो. जुलै २०२० मधील प्रसंग घ्या. त्या वेळी ट्विटर नावाने चालणाऱ्या आणि आज एक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे कर्मचारी घरून काम करीत होते. काही जणांना फोन आला : "मी कंपनीच्या मदत-कक्षातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची अडचण सोडवायची आहे." व्हीपीएनच्या अडचणी तेव्हा रोजच्याच होत्या, त्यामुळे फोन खराच वाटला. सांगितलेल्या पानावर काहींनी पासवर्ड लिहिला. त्याच क्षणी चोरांनी तो खऱ्या पानावर लिहिला. मग दुसऱ्या कडीची विचारणा मोबाईलवर आली आणि काहींनी तीही मान्य केली. त्यानंतर बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून पैसे दुप्पट करून देण्याच्या जाहिराती झळकल्या. या कटाचा सूत्रधार फ्लोरिडातील सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याने कोणतीही कूटलिपी फोडली नव्हती. शेजारच्या टेबलावर आता कोणी नाही, एवढे त्याने ओळखले होते.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण आहे. सिडनीच्या ऑपेरा हाऊसची बांधणी ज्यांच्या गणितावर उभी आहे, त्या अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कचेरीतील एका कर्मचाऱ्याला २०२४ च्या आरंभी एक संदेश आला. तो ब्रिटनमधील वित्तप्रमुखांच्या नावाचा होता आणि गुप्त व्यवहारासाठी पैसे पाठवायला सांगत होता. त्या कर्मचाऱ्याला संशय आला, हे लक्षात घ्या. संशय फिटावा म्हणून समोरून व्हिडिओवर बैठक बोलावली गेली. बैठकीत वित्तप्रमुख दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, आवाजही त्यांचेच होते. संशय मावळला. पंधरा वेळा मिळून पाच खात्यांत वीस कोटी हाँगकाँग डॉलर्स, म्हणजे आपले दोनशे कोटींहून अधिक रुपये गेले. त्या बैठकीत खरा माणूस एकच होता. बाकीचे चेहरे आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते.

आजवर आपण म्हणत आलो की, डोळ्यांनी पाहिल्यावर आणि कानांनी ऐकल्यावर खात्री पटते. पडद्यापुरते तरी हे प्रमाण आता उरलेले नाही. मग खात्री करायची कशी? उपाय जुनाच आहे. ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खातरजमा करू नये. फोन आला असेल तर तो ठेवावा आणि आपल्याजवळ आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. ईमेल आली असेल तर तिच्यातल्या क्रमांकावर विचारू नये. खाते क्रमांक बदलणे, पैसे पाठवणे, पासवर्ड सांगणे, किंवा आपल्या संगणकाचा पडदा दुसऱ्याच्या हाती देणारे ॲप उतरवणे, या चार गोष्टींपैकी कोणतीही मागणी आली की दुसऱ्या वाटेने विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. मोठ्या रकमेला दोघांची संमती असावी. आपल्या जुन्या दुकानांतही मोठ्या चिठ्ठीवर दोन सह्या लागत. तोच हा न्याय.

भामट्याचे खरे शस्त्र घाई हे असते. "आत्ताच्या आत्ता", "कोणाला सांगू नका", "साहेब बैठकीत आहेत, फोन करू नका", या तीन वाक्यांचा हेतू एकच : आपण मान वळवून शेजाऱ्याला विचारू नये. म्हणून ज्या निरोपात घाई आणि गुप्तता एकत्र येतात, तो निरोप खोटा आहे असे धरून चालावे. खरा असेल, तर दहा मिनिटांच्या विलंबाने काही बुडणार नाही.

चूक झाल्यावर

इतके करूनही चूक होईलच. त्या वेळी काय करावे? रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. दूध विकायला आलेल्या त्या गवळणीला सांज झाली, दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्या मुलाच्या ओढीने ती रात्री कडा उतरून गेली. जेथून पाखरूही जाणार नाही असे वाटत होते, तेथून एक स्त्री उतरली. आख्यायिका सांगते की, महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आपल्या विषयाचे सार या गोष्टीत आहे. गडाचा कच्चा कडा कळला तो हिरकणी बोलली म्हणून. शिक्षेच्या धाकाने ती गप्प राहिली असती, तर तो कडा पुढे शत्रूला सापडला असता.

आज पुष्कळ कचेऱ्यांत याच्या उलट घडते. चुकीच्या दुव्यावर बोट पडलेला कारकून नोकरीच्या भीतीने दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्या दोन दिवसांत चोर घरभर फिरून येतो. आपल्याकडे पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. तेथे लवकर कळवले, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. सायबर सुरक्षेच्या घटना सहा तासांच्या आत कळवाव्यात, असा निर्देश सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २०२२ साली संस्था आणि कंपन्या यांना दिलेला आहे. पण कारकुनानेच तोंड उघडले नाही, तर कंपनीला सहा दिवसांतही पत्ता लागणार नाही. म्हणून जी संस्था चूक सांगणाऱ्याला दरडावते, ती आपला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जागरूक पहारेकरी स्वतःच काढून टाकते.

एवंच, घरातील कचेरीची राखण तीन गोष्टींवर उभी आहे : दाराला दोन कड्या, कामाला स्वच्छ टेबल आणि शंकेला विचारण्याची जागा. पहिल्या दोन गोष्टी पैशाने विकत मिळतात. तिसरी मिळत नाही. ती रिवाजाने निर्माण करावी लागते. वरिष्ठाच्या आवाजात आलेल्या आज्ञेला "साहेब, मी तुम्हाला उलट फोन करून खात्री करतो," असे नवख्या कारकुनाने निःशंकपणे म्हणावे, आणि साहेबांनी त्यावर रागावण्याऐवजी "शाबास" म्हणावे, असा रिवाज ज्या कचेरीत पडेल, तिच्या भिंती कोठेही असल्या तरी ती कचेरी सुरक्षित आहे, असे समजावे.